पडशी आणि सायकल

पडशी म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांना समजावून सांगावे लागते. जाड कापडाचा लांब पट्टा, त्याच्या दोन टोकांना दोन पिशव्या. मधला भाग घोड्याच्या पाठीवर, नाहीतर माणसाच्या खांद्यावर. बैलाच्या पाठीवरची गोणी ही तिची थोरली बहीण. आमच्या कुलाबा जिल्ह्यातले – 1981 पासून ज्याला रायगड म्हणतात त्यातले – मिठागरांचे मीठ अशा गोण्यांतूनच घाट चढून देशावर जात असे.

गेल्या फाल्गुनात माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजोबांची पडशी आपल्या गिअरच्या सायकलीवर चढवली. कार्ल्याहून पांढऱ्या कांद्याच्या माळा अलिबागच्या बाजारात न्यायच्या होत्या. या नव्या सायकलींना कॅरिअरच नसतो. जणू बसणाऱ्याला जन्मात कोणाचे काही आणायचे नसते! मेकॅनिकने कॅरिअर बसवून दिला, तरी पडशी चाकाच्या तारांत जाऊ लागली. घोड्याला बरगड्या असतात, पोट असते. पिशवी आपोआप बाहेर राहते. सायकल म्हणजे नुसती हाडे. अखेर पिशव्यांच्या आतल्या अंगाला बांबूच्या कामट्या शिवल्या, खालची टोके बांधली आणि पायडल मारताना टाच लागू नये म्हणून पडशी जरा मागे सरकवली. दोन्हीकडे वजन मात्र पूर्वीसारखेच तोलून भरावे लागे.

“मुक्या जनावराची पाठ सुटली, बरं झालं गो,” असे तिची आजी म्हणाली. मी त्या वाक्याशी अडलो. जनावराच्या पाठीवरून उतरलेले ओझे गेले कुठे? घोड्याच्या पाठीला जखम होई ती धन्याला उशिरा कळे. कधी कळूनही कळत नसे. सायकलीवर चढ लागला, की प्रत्येक किलो आपल्याच मांडीला कळतो. त्या दृष्टीने सायकलीवरची पडशी मला अधिक सचोटीची वाटते.

पण हे ज्याचे ओझे त्याच्याच पायांवर असेल तोवर. आमच्याच जिल्ह्यात, माथेरानला, माणूस माणसाला हातरिक्षातून ओढत असे. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांचे पोट त्यावर होते हे खरे; म्हणून तर त्यांना ई-रिक्षा द्याव्यात, असेही न्यायालयाने सांगितले. ओढणारा तक्रार करीत नव्हता, हे काही ओढवून घेण्याचे समर्थन नव्हे.

चैत्र लागेपर्यंत त्या मुलीच्या पडशीत शेजारपाजारच्या माळाही येऊ लागल्या. दोन्ही बाजू समतोल, सायकल मुकी, मुलगी हसतमुख. ‘नाही’ म्हणायचे तिला कोणी शिकवलेच नव्हते. पहिल्या तासाला ती उशिरा येऊ लागली. घरच्या कामात मास्तराने नाक खुपसावे का, याचा मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी विचारले.

बारा माळांपैकी तिच्या घरच्या चार होत्या. त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे गेलो.