पितृऋण आणि गावाचे देणे

वृद्धांची सेवा कोणी करायची, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारलाच जात नाही, कारण उत्तर तयार असते: मुलाने. पुंडलिकाची कथा सांगितली जाते, पितृऋणाचे नाव निघते आणि बोलणे तिथेच थांबते. मला हे उत्तर अपुरे वाटते, आणि काळ बदलला एवढ्यासाठी वाटत नाही. धर्मविचाराच्या कसोटीवरच ते कमी पडते. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे. पहिली तीन सगळ्यांना माहीत असतात, चौथ्याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही. ते फेडण्याची वाट तिथे साधीच सांगितली आहे: माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावे. त्यात नात्याची अट नाही. थकलेल्या, आजारी म्हाताऱ्याला सांभाळणे हे या चौथ्या ऋणात मोडते, आणि ते एकेका घराने नव्हे तर अख्ख्या टापूने मिळून फेडायचे आहे, असे माझे म्हणणे आहे. टापूने फेडायचे म्हटले की नुसता भाव पुरत नाही, व्यवस्था लागते.

लोणारपुरते बोलू. जगाला हे गाव उल्केच्या आघाताने झालेल्या सरोवरामुळे ठाऊक आहे. २०२० मध्ये ते रामसर यादीतही गेले. पण हा बुलढाणा जिल्ह्याच्या १३ तालुक्यांपैकी टोकाचा तालुका, आणि जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ९० किलोमीटरवर. सोयी अजिबात नाहीत असे मात्र नाही. गावात आशाताई आहे, पुढे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, लोणारचे ग्रामीण रुग्णालय. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट आहे, सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्ड आहे. २०१०-११ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात तर प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी ओपीडी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र वॉर्ड अपेक्षित आहे. मग अडते कुठे? बाहत्तर वर्षांच्या एखाद्या विधवेची पिशवी उघडून पाहावी. साखर, बीपी, मोतीबिंदू आणि गुडघे अशी चार दुखणी, आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. आरोग्य केंद्राचा केसपेपर, मेहकरच्या खाजगी डॉक्टरची चिठ्ठी, घडी पडलेला एक्स-रे, आणि गोळ्यांची कापलेली पाने, ज्यांवरचा नावाचा भाग कात्रीने केव्हाच गेलेला. एकच औषध दोन नावांनी दोन ठिकाणांहून आलेले असू शकते आणि ती दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत असते. ही पिशवी एका बैठकीत, एका माणसाने, सगळी मिळून वाचावी अशी जागा या साखळीत नाही. कड्या आहेत, त्या जोडायचे काम जिला धड दिसत नाही तिच्यावर सोडलेले आहे.

बौद्धांच्या विनयपिटकातला एक प्रसंग इथे मला निर्णायक वाटतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. कोणी विचारत नाही, कारण तो स्वतः कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती करुणेची कथा झाली असती. बुद्धांनी पुढे संघ बोलावला, तुमचे आईबाप इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार असे विचारले, आणि नियम घालून दिला: आजाऱ्याची शुश्रूषा गुरूने करावी, शिष्याने करावी, यांपैकी कोणी नसेल तर संघाने करावी. एका दिवसाच्या सेवेतून कायमची पाळी ठरली. भिक्खूंनी घर सोडले होते. आज लोणार तालुक्यातली कितीतरी मुले पुण्याला, संभाजीनगरला कामावर आहेत. त्यांनी घर सोडले ते पोटासाठी, पण मागे राहिलेल्याची स्थिती तीच.

यावर पहिला आक्षेप येतो तो कुटुंबाचा. सरकारने, गावाने सांभाळायला सुरुवात केली की मुले हात झटकतील. भीती खोटी नाही, पण ती कोणाच्या श्रमावर उभी आहे ते पाहिले पाहिजे. पुंडलिकाचे नाव मुलाला मिळते. सासूचे अंथरूण मात्र सून बदलते, आणि तीच सकाळी सोयाबीनच्या सोंगणीला मजुरीने जाते. तिला आठवड्यातून एकदा घरी येणारी नर्स मिळाली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची हे कोणी शिकवले, तर घर सुटत नाही, टिकते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातले निर्वाहभत्त्याचे कलम लोकांना ठाऊक आहे, कारण त्यात बाप मुलाविरुद्ध उभा राहतो. त्याच कायद्याच्या २० व्या कलमात रुग्णालयांत वृद्धांसाठी खाटा आणि स्वतंत्र रांगा ठेवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, त्याची चर्चा होत नाही. मुलाचे कर्तव्य कोर्टातून वसूल करायचे आणि समाजाचे विसरून जायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सेवा नेमून दिली, तिला पगार आणि रजिस्टर आले, की तिच्यातले पुण्य जाते. पण शेगावला गजानन महाराज संस्थानात सेवेकऱ्यांच्या पाळ्या लागतात, कामे नेमून दिलेली असतात, संस्थानाचे दवाखाने चालतात. तिथली शिस्त पाहून भक्ती उणावली असे कोणी म्हणत नाही. इस्लाममध्ये जकात हिशेबाने ठरते, ऐच्छिक नसते, आणि तरीही ती इबादतच असते. वारीत म्हातारा वारकरी शेकडो किलोमीटर चालून जातो तो दिंडीच्या बळावर; पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक, मुक्कामाची जागा आधी ठरलेली असते. आपल्या धर्मजीवनाला व्यवस्था परकी नाही. खंत ही की ती उत्सवापुरती उभी राहते. महाप्रसाद एका दिवसाचा असतो. बीपीची गोळी रोज लागते.

उरतो तो वानप्रस्थाचा मुद्दा: म्हातारपण स्वीकारावे, औषधांनी मरण लांबवू नये. यातला पूर्वार्ध मला मान्य आहे, आणि म्हणूनच जोडलेली सेवा हवी. ती नसते तेव्हाच शेवटच्या आठवड्यात धावपळ होते, जमीन गहाण टाकून शहरातल्या अतिदक्षता विभागात नेले जाते. केरळने २००८ मध्ये वेदनाशमन सेवेचे धोरण केले; तिथे पंचायतींच्या आणि स्वयंसेवकांच्या आधाराने नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते, वेदना आटोक्यात ठेवते, आणि पुष्कळांना घरच्यांच्या सोबतीत मरण येते. लोणारला यासाठी नवी इमारत लागणार नाही. ग्रामीण रुग्णालयात तालुक्यातल्या अंथरुणावरच्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची एक यादी, ती गावोगाव आशाताईंकडून दर महिन्याला दुरुस्त करून घेणारी एक नर्स, ठरलेल्या वारी पिशव्या तपासणारा एक डॉक्टर, आणि बुलढाण्याला कोणाला कधी पाठवायचे हे फोनवर ठरवण्याचा त्याला अधिकार. स्वयंसेवक देवळांच्या, मशिदींच्या, विहारांच्या समित्यांनी द्यावेत. यादीत कोणाच्या जातीचा, कोणाच्या मुलाचा प्रश्न येऊ नये. पगार शासनाने द्यावा, आणि आशाताईला या फेऱ्यांचा वेगळा मोबदला मिळावा, कारण तिच्या पायांवर आधीच बाळंतिणींचे आणि लसीकरणाचे काम आहे.