दप्तर कोणाच्या ताब्यात?

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात ग्रामसेवक बदलला की नवा माणूस आधी चार्ज घेतो. प्रोसिडिंग, कॅशबुक, पावतीपुस्तके असे एकेक यादीप्रमाणे ताब्यात येते आणि खाली दोघांच्या सह्या होतात. सरपंच पडतो, पॅनल बदलते, पण दप्तर पंचायतीतच राहते. त्यामुळे गावात भांडायचे झाले तरी जुन्या ठरावाचा क्रमांक सांगून भांडता येते. त्याच गावातली मुले एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, त्याच्या धाराशिव उपपरिसरात किंवा पुण्याला जातात. तिथल्या विद्यार्थी मंडळाचा चार्ज कोण कोणाला देतो, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

विचारण्याची सवयच राहिलेली नाही. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि महाविद्यालयीन निवडणुकांवर रक्ताचा डाग पडला. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक काढून टाकली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी झाला. त्याच्या जोडीला एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागांतून नेमलेले सदस्य आले आणि या मंडळींनी आपल्यातून सचिव निवडायचा, अशी सोय झाली. हाणामारी थांबली, हे मान्यच करायला हवे. पण गुणवत्ता यादीने आलेल्या प्रतिनिधीला वर्गाने निवडलेले नसते, त्यामुळे वर्गाला हिशेब देण्याचे बंधनही त्याला वाटत नाही. स्नेहसंमेलनाचे आमंत्रण छापताना खाली नाव टाकायला तो उपयोगी पडतो.

2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चित्र कागदावर बदलले. कलम 99 मध्ये अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी थेट मतदानाने निवडण्याची तरतूद आली. 2019 मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर जीएस कोण होणार याच्या पैजाही लागल्या असतील. मग त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि पाठोपाठ कोरोना आला.

निवडणूक हा विद्यार्थी मंडळाच्या कामाचा दिसणारा भाग. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे वेगळे असते आणि ते भाषणाने सुटत नाही. फेलोशिप थकलेली असते, मार्गदर्शक प्रबंधावर सही करत नाही, लग्न झालेल्या संशोधकाला वसतिगृहात जागा नसते, प्रयोगशाळा रात्री बंद होते. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पदवीच्या मुलांपासून वेगळी अशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची परिषद असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अशा परिषदेत राहण्याच्या प्रश्नाला, अभ्यासक्रमाला आणि बाहेरच्या संस्थांशी बोलणी करायला स्वतंत्र समित्या आहेत. अध्यक्ष दरवर्षी बदलला तरी घरभाड्याच्या समितीला मागच्या वर्षीची आकडेवारी हाताशी असते, आणि प्रशासनासमोर बसताना तीच कामी येते.

आपल्याकडे अशी परंपरा नाहीच, असेही नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी संघाची निवडणूक घेणारी समिती विद्यार्थ्यांचीच असते. चार पदाधिकाऱ्यांखाली प्रत्येक स्कूलचे निवडून आलेले कौन्सिलर असतात आणि सर्वसाधारण सभेत त्यांना उभे करून जाब विचारता येतो. ईटच्या माणसाला हे लगेच कळेल. ग्रामसभाही याच तत्त्वावर चालते : वर्षातून किमान चार, आणि कोरमला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तो.

आणि एवढ्या लांब जायचीही गरज नाही. धाराशिव जिल्ह्यातच तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची वसतिगृह आणि भोजन शुल्कातली सवलत काढून घेतल्याने फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. मुंबई, हैदराबाद आणि गुवाहाटीचे परिसरही त्यात उतरले. तीन राज्यांतल्या चार ठिकाणी एकच मागणी एकाच भाषेत मांडली गेली, कारण विद्यार्थी संघ आधीपासून उभा होता. बोलणी कोणी करायची, यावर पहिले आठ दिवस वाया गेले नाहीत.

याच्या उलट चित्र बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी धडपडणाऱ्या पीएच.डी. संशोधकांचे. दरवेळी नवी 'कृती समिती' निघते, आझाद मैदानावर किंवा पुण्यात उपोषण होते, शिष्टमंडळ मंत्रालयात जाऊन येते. आश्वासन मिळाले की समिती विरते. निवेदनाच्या प्रती कोणाच्या तरी फोनमध्ये असतात आणि तो फोन बदललेला असतो. पुढची तुकडी तेच निवेदन पुन्हा पहिल्यापासून टाइप करते. या मुलांच्या चिकाटीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांना दप्तर ठेवायला कपाट कोणी दिलेले नाही, एवढाच मुद्दा आहे.

ज्यांनी विद्यार्थी निवडणुकांचे नियम घालून दिले त्यांनीही दप्तर पुढे चालवण्याचा विचार फारसा केला नाही. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या. खर्चावर पाच हजारांची मर्यादा आणि छापील पोस्टरला बंदी, हे योग्यच झाले. पण पदाधिकारी होण्याची संधी आयुष्यात एकदाच, ही अट पहा. दोन वर्षांच्या एम.ए.त पहिले वर्ष समजण्यात जाते, दुसऱ्या वर्षी माणूस पदावर येतो आणि काम कळू लागते तोवर परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ येते.

दुसरी अट वयाची : संशोधकासाठी 28 वर्षे. ती पाहताना समितीच्या डोळ्यांसमोर शहरात सलग शिकलेला विद्यार्थी असावा. ईटकडचा मुलगा पदवीनंतर बी.एड. करतो, तासिका तत्त्वावर शिकवतो, दुष्काळी वर्षात घरी थांबतो, सेट-नेट देतो आणि मग पीएच.डी.ला नोंदणी करतो. मुलीच्या वाटेत लग्न आणि बाळंतपणही येते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने या नियमांमुळे 2008 पासून थांबलेली निवडणूक वयात सवलत मिळवून 2012 मध्ये पुन्हा सुरू केली, म्हणजे अट अढळ नव्हती. मराठवाड्यातल्या तिशीच्या संशोधकासाठी तशी सवलत मागायची, तर ती मागणारी समिती आधी हवी.