तुटलेला अंगठा आणि पुढची तारीख

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी फॅक्टरी कमिशनसाठी एक अर्ज तयार केला. सुमारे साडेपाच हजार कामगार त्यामागे उभे होते. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या मागण्या आपल्याला आठवतात. त्याच अर्जात आणखी दोन होत्या. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. पैसा मिळणं आणि तो वेळेवर मिळणं, दोन्ही त्यांनी एकाच कागदावर मागितलं. चाळीत राहणाऱ्या माणसाला यातलं एक दुसऱ्याशिवाय उपयोगाचं नव्हतं.

आज भोसरी-चाकणच्या एखाद्या लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर अंगठा गमावलेला पंचवीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. पगार 15,000 रुपये. शेडमध्ये दहापेक्षा कमी माणसं, म्हणून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, नाही. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटल्याचं धरलं आहे. पगाराचे 60 टक्के, वयानुसार ठरलेला 216.91 हा गुणक आणि हे 30 टक्के असा हिशेब केला, तर रक्कम 5,85,000 रुपयांच्या थोडी पुढे जाते. ती महिन्याभरात द्यायची असते. उशीर झाला तर 12 टक्के सरळव्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. मालकाला सगळा दावा मान्य नसला, तरी जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम त्याने आधी भरायची असते. हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. व्याज आणि दंड तिथेही आहेत.

घडतं मात्र वेगळं. मालक म्हणतो, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणतो, हा माझ्या मस्टरवर नव्हताच. विमा कंपनी आणखी एक कागद मागते, आणि कोर्टात पुढची तारीख पडते. खरं तर ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते; मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. पण हे त्या मुलाला सांगणार कोण?

दोन-तीन महिन्यांत उसनवारी संपते, घरातलं सोनं गहाण पडतं. मग कोणीतरी पन्नास हजार घेऊन दारात येतं आणि कागदावर सही मागतं. घरात पीठ संपलेला माणूस कमी पैशांत सही करतो, हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून या उशिराला मी ढिलाई म्हणणार नाही. दुसऱ्याच्या हलाखीतून केलेली ही कमाई आहे. हक्क सोडून द्यायला लावणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. तरीही तो होतो, कारण त्या क्षणी कायदा लांब असतो आणि पन्नास हजार समोर असतात.

1968 मध्ये ओडिशात एका सिनेमागृहाचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. भरपाई आयुक्तांनी रक्कम ठरवल्यावरच ती देय होते, असं मालकाचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. जखम झाली त्याच दिवशी देणं लागू झालं, असं न्यायालयाने सांगितलं. व्याज आणि दंडही कायम ठेवला. हा निकाल यायला 1975 चा डिसेंबर उजाडला. सात वर्षं!

या निकालातला विचार मला नैतिकदृष्ट्या फार मोलाचा वाटतो. अपघात झाला त्या क्षणापासून मालक देणेकरी आहे आणि कामगार येणेकरी. आपण मात्र येणेकऱ्याला हात जोडून बाहेरच्या बाकावर बसवतो. साहेब आज नाहीत असं त्याला शिपाई सांगतो, आणि आपलेच पैसे मागताना त्याची मान खाली जाते. व्याजाने रक्कम भरून निघेल, पण मुलीची थांबलेली शाळा आणि वेळेत न झालेले हाताचे उपचार त्या व्याजात कुठे बसवायचे?

लहान मालकाची अडचण खोटी नाही. पाच-सहा लाख एकदम काढणं त्याला जड जातं. म्हणूनच कामगारांचा विमा आधी उतरवायचा असतो. आणि त्याच्याकडून सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या वाहन कंपन्यांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. भागाची जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजून घेणाऱ्यांनी तो भाग घडवताना कोणाचा अंगठा गेला आणि त्याचे पैसे दिले का, एवढं पुरवठादाराला विचारलंच पाहिजे.

हे वाचणाऱ्यांत कोणी कारखान्याचे मॅनेजर असतील, विमा कंपनीत असतील, अपंगत्वाचा दाखला देणारे डॉक्टर असतील, वकील असतील. आपल्या सहीवाचून एखाद्या जखमी कामगाराची फाईल अडली असेल, तर ती या आठवड्यात हातावेगळी करा. आणि शेजारी कोणी कमी पैशांत हक्क सोडणारी सही करायला निघाला असेल, तर त्याला आधी कामगार न्यायालयात घेऊन जा.