दृष्टांत आणि तूर

किल्लारीच्या काळ्या रानात तूर फुलावर येते, शेंगा धरते. आणि एखादे दिवशी धनी वावरात जातो तो चार झाडे माना टाकून उभी! जमिनीत ओल असते, तरी झाड वाळते. खोडाची साल सोलली तर आत काळपट रेघ दिसते. हीच मर. मातीतली बुरशी मुळावाटे शिरते आणि पाणी वर चढण्याच्या वाटाच बुजविते. मेल्या झाडाच्या धसकटावर ती वर्षानुवर्षे तग धरते. तिला फवारणीने कोठे गाठणार?

म्हणून जाणते शेतकरी झाडाचेच बळ वाढवितात. बदनापूरच्या संशोधन केंद्राने मरीला सहजी दाद न देणारा बीएसएमआर ७३६ हा वाण दिला. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात. तीही बुरशीच, पण सज्जन. मुळाशी राहून ती वैऱ्याला अडविते आणि झाडाचा प्रतिकारही जागा करते. फ्रँक रॉस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली तंबाखूवर दाखविले, की काही पानांना रोगाची बाधा झाली म्हणजे बाकीची पानेही सावध होतात. तो रोग विषाणूचा होता. परंतु अशी जाग बुरशीपुढेही कामी येते, असे पुढे आढळले. झाडाला जीभ नाही, पण निरोप आहे!

कीर्तनकाराला याहून गोड दृष्टांत कोणता? ज्याचे आतले बळ पक्के, त्याला बाहेरचे संकट बाधत नाही, असे मी किल्लारीतच ठासून सांगितले. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी जवळ आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात तिचे घर गेले, घरची माणसे गेली. म्हणाली, "महाराज, मग माझी लेकरं आतून कच्ची व्हती का?"

माझी वाचा बसली. दृष्टांत एकदेशी असतो, हे पाठशाळेत घोकले होते. अर्थ त्या रात्री कळला.

नीट पाहू गेले तर तूरही माझ्या बाजूने साक्ष देत नाही. प्रतिकारक वाण म्हणजे अमर वाण नव्हे. बुरशी रूप पालटते; वावरात पाणी तुंबले तर चांगले झाडही जाते. शिवाय प्रतिकाराला झाडाची शक्ती खर्ची पडते, ती वाढीला उणी होते. आणि शेतकरी काय करतो? वाळल्या झाडाला तो बोल लावीत बसत नाही. उपटून जाळतो, पुढल्या साली तेथे ज्वारी घेतो, म्हणजे मातीतला रोग कमी होतो. झाडाने बळ धरावे हे खरे. पण माती राखणे हे धन्याचे काम, ते झाडावर ढकलता येत नाही.

आपणही आपले बळ वाढवावे, त्यात कसूर करू नये. मात्र पडलेल्याचे बळ मोजावयास जाऊ नये. त्याच्या भोवतीची माती सावरण्यास हात लावावा.

त्या म्हातारीला मी एवढेच म्हणालो, "माय, तुझी लेकरं कच्ची नव्हती. माझं बोलणं कच्चं होतं." तेव्हापासून हा दृष्टांत मी पूर्ण सांगतो.