रविवारचं मस्टर

सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक काउंटरवर यायच्या आत आमचे हेडकॅशियर मला एक तरी प्रश्न विचारतात. मी बी.कॉम. आहे आणि शिवाय ख्रिस्ती आहे, त्यामुळे जगातल्या निम्म्या गोष्टी मला ठाऊक असणार अशी त्यांची समजूत आहे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका सोमवारी नोटांची बंडलं मोजता मोजता ते म्हणाले, "काय हो, तुम्हा लोकांना दर रविवारी चर्चला जावंच लागतं का? नाही गेलं तर काय करतात? पगार कापतात?"

"छे हो! तसं काही नसतं," असं म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. डोकं घालायला कारण होतं. मी स्वतःच तीन महिने चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं.

आता हे आमच्या घराण्याला शोभणारं नव्हे. आम्ही नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. तिथं अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ साली. आमचे पणजोबा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी ख्रिस्ती झाले. पण झाल्यापासून घरातल्या कोणीही रविवार चुकवला नाही, असं आई सांगते. लहानपणी रविवारी मला ताप आला की आई आधी चपला पुढ्यात आणून ठेवायची आणि मग थर्मामीटर शोधायला जायची.

घात केला तो टाळेबंदीने. मार्च २०२० मध्ये चर्चच्या दाराला कुलूप लागलं आणि उपासना मोबाईलवर आली. लेंग्यावर बसून, चहाचा कप हातात घेऊन प्रभूची स्तुती करता येते हा शोध मला लागला. उभ्या जन्मात पाळकसाहेबांना मध्येच थांबवायची कोणाची छाती झाली नव्हती; मी एका बोटाने थांबवू लागलो. पुढं दीडपट वेगाने ऐकायची सोय सापडली. एकोणचाळीस मिनिटांचा उपदेश सव्वीस मिनिटांत! चर्च उघडलं तेव्हा आम्ही पुन्हा जायला लागलो खरे, पण खिळा एकदा ढिला झाला तो झालाच. आज पाऊस, उद्या पाहुणे, परवा मुलाची परीक्षा. असं करत करत तीन महिने गेले.

हेडकॅशियरच्या प्रश्नाने मात्र मला स्वतःचं वकीलपत्र घ्यावं लागलं. देव सर्वत्र आहे, हा पहिला मुद्दा. हा सर्व धर्मांतल्या आळशी लोकांना मान्य आहे. दुसरा मुद्दा अस्सल शास्त्रातला. प्रार्थना लोकांना दाखवण्यासाठी करू नये, खोलीचं दार लावून गुपचूप करावी, असं येशूनेच शिकवलंय. आमच्या खोलीचं दार पावसात फुगतं, नीट लागत नाही. आणि लागलं तर आत माझी प्रार्थना दोन मिनिटांत घोरण्यात जाते. पण तो दाराचा दोष.

विरुद्ध बाजूचा पुरावा जरा जड निघाला. येशू स्वतः दर शब्बाथाला सभास्थानात जात असे, अशी लूकच्या शुभवर्तमानात नोंद आहे. तिथले उपदेशक त्याच्यापेक्षा चांगलं बोलत असतील असं मानायला जागा नाही, तरी तो जायचा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तर काही मंडळींनी एकत्र जमणं सोडल्याची तक्रारच आहे. म्हणजे पहिल्या शतकातही दांड्या होत्या! वाचून मला फार बरं वाटलं. त्याच वाक्यात पुढं, जमायचं ते एकमेकांना धीर देण्यासाठी, असंही आहे. पण तिथवर मी गेलोच नाही. कारकुनाला परिपत्रकातली सोयीची तेवढीच ओळ दिसते.

बँकेत वसईचा एक सहकारी आहे, रोमन कॅथॉलिक. त्यांच्याकडे कारभार चोख. रविवारी मिस्सेला हजर राहणं बंधनकारक; आजारपण, घरात तान्हं मूल असं सबळ कारण असेल तर सूट. म्हणजे मेडिकल लीव्ह आहे, कॅज्युअल लीव्ह नाही. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे असं कलम नाही. आमच्याकडे आई आहे.

कलमं करूनही काय होतं म्हणा! इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५५९ च्या कायद्याने रविवारी चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड होता. १५८१ साली तो महिन्याला २० पौंड केला. रोख मुख्यतः राणीचं चर्च न मानणाऱ्या कॅथॉलिकांवर होता. मी सवयीने हिशोब मांडला. १२ पेन्सचा एक शिलिंग, चार रविवारांचे चार. २० पौंडांचे झाले चारशे. बरोबर शंभरपट! खात्यात किमान शिल्लक नसली तर आम्हीसुद्धा इतकं कापत नाही. पण अशा दंडाने बाकं भरतात, मनं भरत नाहीत. शिलिंग वाचवायला आलेला माणूस डोळे मिटून शिलिंगच पाहणार.

शेवटी मी हुकमी पान काढलं. आमच्या नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक! मराठी ख्रिस्ती माणसाने त्यांचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो. आईला म्हणालो, "टिळकांनीसुद्धा १९१७ साली मिशन सोडलंच ना?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोडलं. आणि लगेच 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळ्यांना बोलावलं. अरे, ते बाहेर पडले आणखी माणसं गोळा करायला. तू बाहेर पडलास झोपायला."

आईपुढे माझी डिग्री चालत नाही. तरी मी नेट धरला. आईला हल्ली ऐकू येत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रिक्षा करून जाते आणि तासभर नुसती बसून येते. "तुला उपदेशातलं एक अक्षर ऐकू येत नाही, मग जातेस कशाला?" मी मोठ्याने विचारलं.

"मी ऐकायला कुठं जाते? मी दिसायला जाते," ती म्हणाली.

या वाक्याचा अर्थ मला कळला तो पंधरा दिवसांनी, आणि कळायला नको होता अशा रीतीने कळला.

पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला एक मास्तर बसतात. निवृत्त शिक्षक. बायको गेलेली, मुलगा पुण्याला, घरात एकटे. मी सात वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी बसतोय. 'उपासना संगीत' उघडायच्या आधी ते माझ्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवायचे. मला दोन मुलं झाली तरी ठेवायचे. तर हे मास्तर एका शनिवारी रात्री न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं, उठता येईना. रविवारी शेजाऱ्यांना वाटलं, मास्तर चर्चला गेलेत. चर्चमध्ये वाटलं, मुलाकडे गेले असतील. आई त्या आठवड्यात बहिणीकडे ठाण्याला होती. बाक सांगितल्याशिवाय मास्तर गाव सोडत नाहीत, हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी घरी लोळत होता. सोमवारी दारात दुधाच्या दोन पिशव्या दिसल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी कडी तोडली.

मी इस्पितळात गेलो. काय बोलावं सुचेना. मास्तरच म्हणाले, "ये. तुझं इयर-एंडिंग संपलं का?"

"इयर-एंडिंग?"

"तुझी आई सांगायची ना, बँकेत इयर-एंडिंग आहे म्हणून येत नाही. मी दर रविवारी विचारायचो." मग जरा थांबून म्हणाले, "पावसाळ्यात कसं काय असतं रे ते?"

माझ्यापायी माझी म्हातारी आई देवाच्या दारात उभी राहून खोटं बोलत होती. आणि मास्तर, चाळीस वर्षं व्यापारी गणित शिकवलेला माणूस, मार्च महिना कधी येतो हे ठाऊक असूनही ते खरं मानून घेत होते. त्यांनी माझे बारा रविवार मोजले होते. मला त्यांचा एक मोजता आला नाही.

आमच्या बँकेत दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. हल्ली तो घरबसल्या मोबाईलवरूनही देता येतो. तरी निम्मे म्हातारे काठी टेकत येतातच. मला वाटायचं, यांना मोबाईल जमत नाही. आता वाटतं, आपण हयात आहोत हे यंत्राला कळून त्यांचं भागत नाही; चार माणसांना कळावं लागतं.

देवाचं म्हणाल तर त्याला माझी काळजी नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर आम्ही बचत खातं निष्क्रिय ठरवतो. पण त्यातले पैसे बुडत नाहीत, व्याजही चालू राहतं. बँक इतकं करते, तर देव काय खातं बंद करील? रविवारी ड्यूटीवर असलेली नर्स, अंथरुणाला खिळलेला माणूस, चर्च कमिटीच्या भांडणात मन दुखावून दूर गेलेला माणूस, यांना कोणत्या तोंडाने दांडीबहाद्दर म्हणायचं? त्यांच्याकडे उलट बाकीच्यांनी जायला हवं. पण मी त्यांतला कोणीच नव्हतो. मी तीन महिने एवढंच विचारत होतो, की जाऊन मला काय मिळतं. मी न गेल्याने कोणाचं काय जातं, हा रकाना माझ्या हिशोबात नव्हताच.

पुढच्या सोमवारी मी हेडकॅशियरना आपण होऊन सांगितलं, "तुम्ही विचारलं होतं ना? चर्चला जावंच लागतं असं नाही. पण आपण आलो नाही हे कोणाला तरी कळावं असं वाटत असेल, तर आधी यावं लागतं."

त्यांनी बंडलाला रबर लावलं. "म्हणजे मस्टर देवाकडे नसतं."

"नसतं. तिसऱ्या बाकावर असतं."

मास्तर आता वॉकर घेऊन येतात. मी रविवारी सकाळी त्यांना रिक्षातून आणतो. याला कोणी भक्ती म्हणू नये; निम्मी ती थकबाकी आहे. उपदेश अजून एकोणचाळीस मिनिटांचाच असतो आणि तिथं दीडपट वेगाची सोय नाही.

"मग झोप नाही येत?" हेडकॅशियरनी विचारलं.

येते की! विसाव्या मिनिटाला हटकून येते. पण घरी झोपलो तर झोपूनच राहतो. इथं मास्तर कोपराने ढोसतात आणि हातावर खडीसाखर ठेवतात.