वारावर जेवणाऱ्या संस्था

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा शाळेत नाव घालण्याआधी वार लावायला निघायचा. सोमवारी या वाड्यात, मंगळवारी त्या वाड्यात, अशी सात घरं ठरली की शिक्षणाची निम्मी काळजी मिटायची. ज्याला सातही वार मिळत नसत तो उरलेल्या दिवशी माधुकरी मागायचा, नाहीतर पाणी पिऊन अभ्यासाला बसायचा. त्या पिढीच्या आत्मचरित्रांत या जेवणांच्या आठवणी जागोजाग सापडतात. एखाद्या घरी पानात आग्रहाने वाढलेलं तूप आठवतं, तसाच दुसऱ्या घरी ओसरीवर ताटकळत घालवलेला तासही आठवतो. यजमानांकडे सोयर-सुतक आलं, माणसं परगावी गेली, की वार बुडायचा. त्याबद्दल मुलाला काही बोलता येत नसे, कारण जेवण हा त्याचा हक्क नव्हता. शिवाय वार मिळायचे ते जात पाहून. ज्यांना शिक्षणाची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यासाठी ही दारं उघडतच नव्हती.

म्हणजे दातृत्व होतं, अन्नही होतं, पण देणारा आणि घेणारा समोरासमोर असल्यामुळे घासागणिक उपकाराची जाणीव होत राहायची. आपल्याकडच्या सामाजिक संस्थांचा इतिहास मी वाचतो तेव्हा मला दिसतं की त्यांनी सर्वांत मोठं काम केलं ते या दोघांच्या मध्ये उभं राहण्याचं. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं. तिथली मुलंही माधुकरी मागायला जात, पण ती संस्थेची मुलं म्हणून जात. मागणारा एकटा राहिला नाही, एवढ्यानेही फरक पडला.

त्याहून पुढची उडी साताऱ्याकडे पडली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. मुलांना जेवू घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्राला माहीत आहे. मला तितकीच मोठी वाटते ती मुष्टिफंडाची योजना. दळण-कांडण करताना घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं, गावाने ते गोळा करायचं आणि वसतिगृहाकडे पोचवायचं. पोत्यात पडलेल्या मुठीला घर राहत नाही आणि जातही राहत नाही. आपण कोणाच्या घरची ज्वारी खातो आहोत हे मुलाला कळत नाही, आपली ज्वारी कोणाच्या पोटात गेली हे त्या बाईला कळत नाही. तरीही त्या गावाला वसतिगृह आपलं वाटतं. स्वतः जेमतेम खाऊन-पिऊन असलेल्या घरांनी हे धान्य दिलं, आणि मोठा सावकार शोधत बसण्यापेक्षा हजारो लहान घरांवर भार टाकणं जास्त टिकाऊ असतं, हे भाऊरावांनी ओळखलं होतं.

मोठ्या देणगीचं मोल मी कमी लेखत नाही. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि वर्षानुवर्षं छोट्या वर्गण्यांवर चालवला. त्याच कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले तेव्हा विद्यापीठाला स्थैर्य आलं. त्या देणगीसोबत त्यांच्या मातुःश्रींचं नाव आलं, अटीही आल्या. मोठ्या रकमेबरोबर देणाऱ्याची इच्छा येणारच, आणि विद्यापीठासारख्या कामाला ते पेलतं. पण पंधरा-वीस मुलांचं बालगृह, खेड्यातलं व्यसनमुक्ती केंद्र, परित्यक्तांना कोर्टात साथ देणारा चार बायकांचा गट अशा कामांना देणाऱ्याच्या इच्छेचा भार फार जड होतो.

कारण आज वार लावून जेवायची पाळी या संस्थांवर आली आहे. एका कंपनीकडून तीन वर्षांचा प्रकल्प मिळतो, तो संपला की दुसरीकडे अर्ज. वर्षभर सगळा जीव पुढचं दार शोधण्यात जातो, आणि देणाऱ्याच्या घरी धोरण बदललं की वार बुडतो. मुलाच्या पोटाला जी अनिश्चितता होती ती आता कार्यकर्तीच्या पगाराला आहे.

बालगृहांचं वर्ष जवळून पाहिलेल्या कोणालाही हे विचारा. दिवाळीच्या चार दिवसांत फराळाचे डबे ठेवायला जागा उरत नाही. वाढदिवसाला केक येतो, वर्षश्राद्धाला जेवण येतं, पंधरा ऑगस्टला बिस्किटं येतात. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश आणि परीक्षेचं शुल्क एकदम अंगावर येतं तेव्हा फोन वाजत नाही. विजेचं बिल भरायला कोणी येत नाही, मुलांना रात्री तापात घेऊन बसणाऱ्या ताईच्या पगारासाठी तर नाहीच. ‘आम्ही वस्तू देऊ, तुमची यादी पाठवा, पगारासाठी मात्र देता येणार नाही’ हे वाक्य संस्थाचालकांना पाठ झालं आहे. त्यामागे पैसा मधल्या मध्ये जाईल ही भीती असते, आणि ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण मूल सांभाळायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. ज्या संस्थेला माणसं टिकवता येत नाहीत तिथे मुलांना दर सहा महिन्यांनी नवी ताई मिळते. ज्यांनी आधीच आई-वडील गमावले आहेत त्यांना हे पुन्हा पुन्हा सोसायला लावणं अमानुष आहे.

आणि फोटो. मुलांना रांगेत उभं करून, हातात डबा देऊन, देणाऱ्याने शेजारी उभं राहून काढलेले फोटो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई केली आहे. कायदा नसता तरी ओसरीवर ताटकळणारा तो मुलगा आपल्याला आठवायला हवा होता. संस्था मध्ये उभी राहिली ती या नजरेपासून मुलाला वाचवण्यासाठी. पैशाच्या ओढगस्तीत तीच संस्था मुलांना पुढे उभं करते, तेव्हा तिला दोष देण्याआधी तिची ओढगस्त कोणी वाढवली हे आपण पाहायला हवं.

मोठ्या पैशाच्या वाटाही गेल्या काही वर्षांत बदलल्या. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं, त्यातून मोठी कामं उभी राहिली हे खरंच. पण कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे, आणि कारखाने आहेत चाकणला, तळोज्याला, वाळूजला. अक्कलकुव्याला किंवा भामरागडला परिसर म्हणणारी कंपनी कुठून येणार? परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या संस्थेकडून झिरपत तालुक्याच्या छोट्या गटापर्यंत येणारी ती धार तिथेच थांबली. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत ८०जी ची सवलतही मिळत नाही, त्यामुळे मार्चअखेरीला कर वाचवायला देणगी देणारा नोकरदारही कमी होण्याची शक्यता आहे. उरतात आसपासची माणसं. माझ्या मते खरा आधार तीच आहेत, आणि मोठा पैसा परत आला तरी तीच राहायला हवीत.

का, ते एका प्रकारच्या कुटुंबाकडे पाहिलं की कळतं. विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. पात्र ठरलं तर सरकारी निकषांनुसार एक लाखाची मदत मिळते. अपात्र ठरलेल्या घरात बाई, मुलं, म्हातारी सासू आणि कर्ज तसंच राहतं. त्या बाईला एखाद्या समारंभात साडी आणि शिलाई मशीन दिली जाते. तिला हवं असतं वेगळंच. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, सातबाऱ्यावर नाव, विभक्त रेशनकार्ड, निराधार योजनेचा अर्ज. दीर म्हणतो जमीन नावावर करायची काय घाई आहे. तलाठी आज भेटत नाही, तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला जुना झाला म्हणून कागद परत येतात. प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी बुडते. या बाईसोबत तालुक्याला जाणारी, साहेबांसमोर तिच्या शेजारी बसणारी, दिराशी चार शब्द बोलू शकणारी एक कार्यकर्ती असेल तर साल-दीड सालात ते घर उभं राहतं. त्या कार्यकर्तीच्या कामाचा फोटो निघत नाही आणि वस्तूंच्या यादीत ते बसत नाही. प्रकल्पाच्या तक्त्यातला ‘लाभार्थी’चा रकानाही तिथे अपुरा पडतो. आसपासच्या माणसाला मात्र ते दिसतं. किराणा दुकानदाराला कोणत्या घराची उधारी अचानक वाढली ते कळतं, शिक्षकाला कोण शाळेत यायचं थांबलं ते कळतं, आशाताईला कोणत्या घरात औषध आणायला पैसे नाहीत ते कळतं. ही माहिती आणि थोडा नियमित पैसा एका ठिकाणी आला की गावातली संस्था काम करू लागते.

शहरातही तेच. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी लांबून कुटुंबं येतात. उपचारांचा खर्च एखाद्या योजनेत बसतो, पण दोन महिने मुंबईत राहायचं कुठे आणि रोज जेवायचं काय? दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आणि तिच्यासारख्या जागा नसत्या तर ही माणसं पदपथावरच राहिली असती, आणि आजही अनेक जण राहतात. गाडगेबाबांचं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते त्यांच्या पैशाचं वळण. कीर्तनाला जमलेल्या साध्या माणसांच्या वर्गणीतून त्यांनी धर्मशाळा, गोशाळा, शाळा उभ्या केल्या, पण त्यांवर स्वतःचा किंवा नात्यागोत्याचा हक्क राहू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. अंगावर गोधडी आणि हातात फुटकं मडकं घेतलेल्या माणसावर लोकांनी लाखोंचा विश्वास टाकला, तो त्यांनी सगळं विश्वस्तांच्या नावे केलं म्हणून.

जवळच्या दानाचा मोठा दोषही सांगायला हवा. ते आपल्यासारख्यांना मिळतं. वारांच्या काळी जात पाहिली जायची, आज ज्ञातीचे निधी आहेत, गाववाल्यांची मंडळं आहेत. ती आपल्यांसाठी चांगलं कामही करतात, पण ज्याचं मंडळच नाही त्याचं काय? आणि दयेलाही आवडनिवड असते. लहान मुलं, गाई, हुशार गरीब विद्यार्थी यांच्यासाठी हात पटकन पुढे येतो. मनोरुग्ण बाई, तुरुंगातून सुटलेला माणूस, वेश्यावस्तीतली मुलं, भटक्यांची पालं यांच्यासाठी तो खिशापाशी अडतो. अनोळखी दुःखाची ओळख करून देणारं कोणीतरी लागतं. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात चालवलेला ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम म्हणूनच मोलाचा आहे. दर वर्षी दहा संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक थेट त्या संस्थांच्या नावे धनादेश पाठवतात. पुण्यात वीणा गोखले यांनी सुरू केलेलं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन पितृपक्षात भरतं. पूर्वजांच्या नावाने काही द्यावं अशी मनाची तयारी असते त्याच पंधरवड्यात दूरदूरच्या छोट्या संस्था येऊन बसतात. समोर बसलेल्या कार्यकर्त्याला चार प्रश्न विचारता येतात आणि ‘असल्या कामाला कशाला’ म्हणणारा माणूस पावती फाडून घरी जातो. देण्याची इच्छा आपल्या समाजात कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. कमी आहे ती ओळख, आणि त्याहून कमी आहे सातत्य.

सातत्याचं महत्त्व राजर्षी शाहू महाराजांना नेमकं कळलं होतं. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं निघाली तेव्हा त्यांनी एकरकमी बक्षीस देऊन हात झटकले नाहीत. जागा, इमारती आणि दर वर्षी येत राहील अशा उत्पन्नाची सोय लावून दिली. आज संस्थानं नाहीत, पण पंचाहत्तर घरं कोणत्याही तालुक्याच्या गावात सापडतील. प्रत्येक घराने महिन्याला दोनशे रुपये दिले तर पंधरा हजार होतात, आणि त्या बाईसोबत तहसीलला जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार निघतो. रक्कम बँकेला सांगून दरमहा परस्पर वळती करायची, आणि ती कशावर खर्च करायची हे संस्थेला ठरवू द्यायचं. मात्र हिशोब मागायचा, आणि तो हक्काने मागायचा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, लेखापरीक्षण वेळेवर होतं का, विश्वस्तांत एकाच घरची माणसं किती, पावती मिळते का, हे विचारण्यात अविश्वास नाही. चांगल्या संस्थेला असे प्रश्न विचारणारा देणगीदार हवाच असतो. वर्षातून एकदा त्या पंचाहत्तर घरांनी संस्थेच्या सभेला जावं, ताळेबंद वाचून घ्यावा, आणि कार्यकर्तीला तिच्या कामात यंदा कुठे अडलं ते विचारावं. एखाद्या घराची मदत का थांबवली, एखाद्या ‘अपात्र’ प्रकरणासाठी तिने सात हेलपाटे का घातले, गावाने नाकारलेल्या बाईला आधी का घेतलं, याची उत्तरं तिच्याकडे असतात. ती ऐकून झाली की पुढच्या वर्षीचा आकडा दोनशेवरून अडीचशे करायचा का, हे त्याच सभेत ठरवता येईल.