रेघेवर पडलेला चेंडू

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा या संस्थानांत सेंट पीटर नांवाचें एक लहान शहर आहे. स्वीडनहून तिकडे जाऊन वसलेल्या लूथरन पंथाच्या लोकांनीं १८६२ सालीं काढलेलें गस्टेव्हस अडॉल्फस कॉलेज याच ठिकाणीं आहे. या कॉलेजांत १९७१ पासून २००९ पर्यंत मि. स्टीव्ह विल्किन्सन हे मुलांस टेनिसचा खेळ शिकवीत असत. अशा शिक्षकास तिकडे कोच म्हणतात. ते निवृत्त झाले त्या वेळीं त्यांच्या संघाच्या नांवावर ९२९ विजय व २७९ पराजय नोंदलेले होते. कॉलेजांतील पुरुषांच्या टेनिसमध्यें इतके विजय तोंपर्यंत दुसऱ्या कोणाही कोचच्या पदरीं पडले नव्हते. त्यांच्या कॉलेजाच्या वर्गांतील राष्ट्रीय विजेतेपदही त्यांच्या संघानें दोनदां, १९८० व १९८२ सालीं, मिळविलें. २०१५ सालीं ते मरण पावले.

हा हिशेब पाहून हा मनुष्य आपल्या कामांत यशस्वी झाला असें कोणीही म्हणेल. परंतु आमच्या मनांत एक शंका उभी राहते. त्या ९२९ सामन्यांत मि. विल्किन्सन यांनीं स्वतः एकही चेंडू मारला नाहीं. धांवले ते विद्यार्थी, घामाघूम झाले तेही विद्यार्थीच. मग जो विजय दुसऱ्याच्या हातांनीं मिळाला तो शिक्षकानें आपला म्हणावा काय? आणि म्हणावयाचाच असेल, तर किती? ही शंका केवळ खेळापुरती नाहीं. ज्यानें खेड्यांत शाळा चालविली आहे, ज्यानें घरोघर फिरून लोकांस शिकविलें आहे आणि वर्षाच्या शेवटीं अहवालाच्या रकान्यांत आंकडे भरले आहेत, त्याला ती कधीं ना कधीं बोचलीच असेल.

कित्येक म्हणतील, हुशार मुलें मिळालीं म्हणजे कोणीही जिंकेल. यांत तथ्य आहे. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे कोच मि. डिक गूल्ड यांच्या संघानें १९६६ पासून २००४ पर्यंतच्या त्यांच्या कारकीर्दींत १७ वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. परंतु १९७८ सालीं त्यांच्या संघांत जॉन मॅकेन्रो होते, आणि ते तर आदल्याच वर्षीं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत जाऊन आले होते. त्यांस रॅकेट धरावयास स्टॅनफर्डनें शिकविलें असें कोणी म्हणणार नाहीं. बीं चांगलें, जमीन चांगली. मग शेतकऱ्याचा वांटा किती हें सांगणें कठीण. तथापि सर्व श्रेय बियाण्यास देणेंही न्यायाचें नव्हे. चांगलें बियाणें पुष्कळांच्या कणगींत असतें. सतरा वेळां पीक सर्वांस येत नाहीं.

मि. विल्किन्सन यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांचें कॉलेज ज्या तिसऱ्या वर्गांत मोडतें, त्या वर्गांत खेळांतील कौशल्याबद्दल विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति देण्याची मनाई आहे. म्हणजे पैशाचें आमिष दाखवून देशांतील उत्तम खेळाडू आणण्याची सोय त्यांस नव्हती. तरी त्यांचें खरें काम काय होतें हें कळण्यासाठीं आमच्या वाचकांस त्या खेळाविषयीं दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

टेनिसचें आंगण ७८ फूट लांब, व एकास एक खेळतांना २७ फूट रुंद असतें. मध्यें जाळें, भोंवतीं पांढरी रेघ. चेंडू रेघेच्या आंत पडला, किंवा रेघेस नुसता चाटून गेला, तरी तो चांगला. बाहेर पडला तर मारणाऱ्याचा तोटा. मोठ्या नामांकित सामन्यांत रेघांवर नजर ठेवण्यास निराळीं माणसें असत, आणि आतां यंत्रेंही असतात. कॉलेजांच्या सामन्यांत बहुधा तसें नसतें. सहा मुलें शेजारशेजारच्या सहा आंगणांत एकाच वेळीं खेळत असतात. पंच असले तर ते थोडे व फिरते. चेंडू ज्याच्या बाजूस पडला त्यानेंच तो आंत कीं बाहेर हें सांगावयाचें. आणि नियम असा कीं, बाहेर पडल्याची पक्की खात्री नसेल तर तो आंतच पडला असें धरावें. संशयाचा फायदा प्रतिपक्षास द्यावा.

वाचकहो, या नियमाचा थोडा विचार करा. ज्याचा लाभ व्हावयाचा त्यालाच येथें न्यायाधीश केलें आहे. मोजणारा आणि घेणारा एकच असला म्हणजे धान्याचें माप कसें भरतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. चेंडू वाऱ्यासारखा येतो, रेघेजवळ आपटतो व उडून जातो. पाहिला तो एका मुलानें. समोरचा मुलगा लांब आहे. कोच तिसऱ्या आंगणापाशीं उभा आहे, आणि प्रेक्षकांची नजर भलतीकडे आहे. मुलाला चेंडू रेघेस लागला असें वाटलें. किंवा, आणि हेंच अधिक कठीण, लागला कीं नाहीं तें नीटसें कळलें नाहीं. ‘बाहेर’ हा एक शब्द उच्चारला कीं गुण मिळतो. खोटें बोललों असें त्याचें मनही त्याला स्पष्ट म्हणणार नाहीं, कारण मन अशा वेळीं फार लवकर राजी होतें. जें आपणांस पाहिजे असतें तेंच डोळ्यांस दिसूं लागतें. हें टेनिसच्या आंगणांतच घडतें असें नाहीं. शेताच्या बांधावर, बाजारांत व वांटणीच्या बैठकींतही घडतें.

कॉलेजच्या खेळांत कोचनें मधून मधून खेळाडूशीं बोलण्याची परवानगी आहे. पण बोलणें निराळें आणि त्या क्षणीं मुलाच्या डोळ्यांत जाऊन बसणें निराळें. तेथें शिक्षक जाऊं शकत नाहीं. तेथें गेलें तर त्याचें शिक्षणच जाईल.

मि. विल्किन्सन आपल्या मुलांस तीन गोष्टी सांगत: वृत्ति आशेची ठेवा, प्रयत्न पुरा करा, प्रतिपक्षाशीं सचोटीनें व सन्मानानें वागा. स्वीडनच्या राजचिन्हांत तीन मुकुट आहेत, त्यावरून ते यांस तीन मुकुट म्हणत. १९७७ सालीं त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें याच शिकवणीवर उन्हाळ्यांतील टेनिसचीं शिबिरें सुरू केलीं. या तिन्ही गोष्टी खेळाडूच्या स्वाधीन आहेत. जय त्याच्या स्वाधीन नाहीं, कारण तो समोरच्यावर, वाऱ्यावर व दैवगतीवरही अवलंबून असतो. म्हणून जें आपल्या हातीं आहे तेवढ्याचीच काळजी करा, असें त्यांचें सांगणें होतें.

यावर चतुर मनुष्य हंसून म्हणेल, “ही तर जिंकण्याचीच युक्ति झाली! ज्याला जयाची धास्ती नाहीं त्याचा हात कांपत नाहीं, आणि ज्याचा हात कांपत नाहीं तो जिंकतो. ९२९ विजय काय उगाच मिळाले?” आम्हांस हा आक्षेप अर्धा खरा वाटतो. निश्चिंत मन चांगलें खेळतें, यांत संशय नाहीं; आणि जयाची पर्वा करूं नका असें शिकविणाऱ्याचे जय मोजून ठेवावयास त्याचें कॉलेज विसरलें नाहीं, हेंही खरें. आम्ही तरी काय केलें? लेखाच्या आरंभींच तो आंकडा छापला! परंतु जोंवर सचोटी व जय एका वाटेनें चालतात तोंवर ती युक्ति कीं शिकवण, हें ओळखतां येत नाहीं. वाटा फुटतात तेव्हां तें कळतें. शेवटचा गुण आहे, चेंडू रेघेस पुसटसा लागला आहे, आणि खरें बोललें तर सामना जातो. जिंकण्याची युक्ति म्हणून जी सचोटी शिकविली ती येथें कांहीं उपयोगाची नाहीं. ती तात्काळ टाकून द्यावी लागते. शिकवण असेल तर मुलगा म्हणेल, “आंत होता,” आणि हात मिळवावयास जाळ्याकडे चालूं लागेल.

आतां ही गोष्ट वहींत कशी लिहिली जाते पाहा. ती पराजयाच्या रकान्यांत जाते. त्या २७९ पराजयांत केवळ प्रतिपक्ष अधिक चांगला होता म्हणून झालेले पुष्कळ असतील. पण शिक्षकाचें काम जेथें खरोखर सिद्धीस गेलें असे कांहीं प्रसंग असतील, तर तेही त्याच रकान्यांत, त्याच शाईनें, पराजय म्हणूनच लिहिलेले आहेत. तसेंच त्या ९२९ विजयांत एखादा असा असूं शकेल कीं, जो मुलाच्या एका खोट्या शब्दानें मिळाला व ज्यामुळें शिक्षकाचें कांहीं तरी हरवलें. वही दोहोंविषयींही मुकी आहे.

येथवर लिहून आम्ही थांबलों असतों. परंतु त्याच देशांतील दुसरी एक हकीकत आमचें हें समाधान बिघडविते. व्हर्जिनिया संस्थानांत लिंचबर्ग या गांवीं डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन नांवाचे एक काळे वैद्य होते. आपल्या घराजवळच्या आंगणांत ते उन्हाळ्यांत काळ्या मुलांमुलींस टेनिस शिकवीत, कारण त्या काळीं गोऱ्यांचीं आंगणें या मुलांस बंद होतीं. १९५७ व १९५८ सालीं विम्बल्डन जिंकणाऱ्या ऑल्थिया गिब्सन, आणि पुढें नांवारूपास आलेले आर्थर अ‍ॅश, हीं दोघें त्यांच्या हाताखालीं तयार झालीं. डॉ. जॉन्सन यांचा नियम कॉलेजच्या नियमाहून कडक होता. प्रतिपक्षाचा चेंडू रेघेबाहेर इंच दोन इंच पडलेला दिसला तरी तो आंत समजून परत मारावा. तक्रार करूं नये, कपाळास आंठी पाडूं नये. काळा मुलगा लबाडी करतो असें म्हणावयास कोणास तिळमात्र जागा राहूं नये, हा हेतु. एकावर आळ आला तर मागून येणाऱ्या सर्वांस दार बंद होईल, हें ते जाणून होते.

ही सचोटी काय? गोऱ्या मुलाकडून जगानें सत्य मागितलें. काळ्या मुलाकडून सत्य आणि वर दोन इंच. ज्यांच्या वाडवडिलांस गांवाबाहेर राहावें लागलें त्यांस हें उलगडून सांगण्याची गरज नाहीं. आपल्या घरांतूनही मुलांस सांगितलें जातें, “तुझ्याकडे दहा जणांचे डोळे लागले आहेत, तूं इतरांच्या दुप्पट चांगला वाग.” असें सांगणारा बाप अन्यायी नसतो, जें जग त्याला असें सांगावयास लावतें तें अन्यायी असतें. आमचें मत विचाराल तर संशयाचा चेंडू देणें हा धर्म आहे, आणि तो प्रत्येक मुलास शिकवावा. पण जो चेंडू उघड बाहेर पडलेला मुलानें डोळ्यांनीं पाहिला, तो देणें हें कर्तव्य नव्हे, तो बळजबरीचा कर आहे. प्रसंगीं तो भरावा लागेल. भरतांना मुलास तें ठाऊक असावें, नाहीं तर तो आपणांस खरोखरच दोन इंचांचा अपराधी समजूं लागेल. डॉ. जॉन्सन यांनीं आपला हेतु मुलांपासून लपविला नाहीं, हें आम्हांस त्यांच्या शिकवणींतील सर्वांत मोलाचें वाटतें.

आर्थर अ‍ॅश पुढें लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत गेले. १९६५ सालीं कॉलेजांचें एकेरी विजेतेपद त्यांनीं मिळविलें, व त्यांच्या संघानें सांघिक विजेतेपद. तें यश त्या विद्यापीठाचे कोच मि. जे. डी. मॉर्गन यांच्या नांवें लिहिलेलें आहे, आणि तें योग्यच आहे. लिंचबर्गच्या वैद्याचें नांव त्या नोंदींत नाहीं. डॉ. जॉन्सन १९७१ सालीं वारले. अ‍ॅश यांनीं विम्बल्डन जिंकलें तें १९७५ सालीं.